न तुटलेल्या कुलपाची कैफियत

मित्रांनो, मी एक जुने पितळी कुलूप आहे. जन्म अलिगडचा, पण सारे आयुष्य गेले पुसदजवळच्या एका गोदामाच्या दारावर. गोदामाच्या मालकांनी, सदाशिवरावांनी, मला बाजारातून आणले, तेव्हा दुकानदाराने छातीठोकपणे सांगितले होते, "हे तुटनार नाही, घेऊन जा." खरेच, मी कधी तुटले नाही. चोर येत, मला हलवून बघत आणि हात हलवत परत जात. सदाशिवराव पाहुण्यांना माझे कौतुक सांगत, दिवाळीला तेल घालत. मीही जरा ताठ्यातच लटकत असे.

शेजारच्या बंजारा तांड्यावर बायकांचा बचत गट होता. मानीबाई त्यांच्या प्रमुख. चांगला भाव येईपर्यंत या बायका आपली तूर भाडे देऊन आमच्या गोदामात ठेवत. अट एकच, गटातली एक तरी बाई समोर असल्याशिवाय दार उघडायचे नाही. यंदाच्या तुरीवर मानीबाईंच्या नातीचा, उज्ज्वलाचा, नर्सिंग कॉलेजातला प्रवेश ठरला होता.

एका दुपारी कुणी दलाल ट्रक घेऊन आला. "मानीबाईनं पाठवलं," म्हणाला आणि फोन लावून दिला. पलीकडून एक बाई "हो, द्या" म्हणाली. सदाशिवरावांना लग्नाला जायची घाई होती. त्यांनी किल्ली लावली. मित्रांनो, मला फक्त किल्ली ओळखता येते. मी उघडले, आणि तूर गेली ती गेलीच.

त्या दलालाने इतरांनाही असेच फसवल्याची बातमी आली, तेव्हा सदाशिवरावांचे धाबे दणाणले. ते हातोडा घेऊन आले. कुलूप तुटलेले दिसले की चोरी झाली असे सांगता येईल, आपल्या हयगयीचे कुणी नाव काढणार नाही, असा त्यांचा बेत. ज्यांनी मला तेल घातले तेच मला मारत होते. फार दुखले. एवढ्यात त्यांच्या पत्नी इंदूबाई धावत आल्या.

"अहो, काय करून राह्यले तुमी? त्या बायका रोज इथूनच जातात. त्याईच्याकडं डोये वर करून पाहता येईन का तुमाले?"

सदाशिवरावांनी हातोडा खाली टाकला. मानीबाईंना त्यांनी खरे सांगितले, पण भरपाईचे नाव निघताच उसळले.

"मलेही फसवलं ना त्यानं! मी काय चोर हाव?"

"चोर तुमी नाही, भाऊ," मानीबाई म्हणाल्या, "पन राखन तुमची होती. आमचे बुढे लदेणीले जात, बैलाईवर लोकाईचं मीठ नेत. वाटेत गोणी गेली, तर चोर सापडो का न सापडो, ते भरून देत. आदी चोराले शोधा, असं त्याईनं कोनाले नाही म्हटलं."

पुसदच्या वकिलीणबाईंनीही मानीबाईंच्या सुनेला, संगीताला, तेच सांगितले. दलाल सापडेल तेव्हा सापडेल, पण ज्याने राखायला घेतले आणि हयगय केली, त्याच्याकडूनही भरपाई मागता येते. नोटीस गेली. सदाशिवराव अडून बसले. प्रकरण ग्राहक आयोगापर्यंत पोहोचले, तेव्हा कुठे त्यांनी तुरीची पूर्ण किंमत मानीबाईंच्या हातात ठेवली. तोवर प्रवेशाची मुदत उलटून गेली होती आणि उज्ज्वला कापूस वेचायला जाऊ लागली होती.

"आता झालं ना, मानीबाई? सारं भरून देल्लं," सदाशिवराव म्हणाले.

"तूर भरून देल्ली, भाऊ. पोरीचं साल कोन भरून देईन?"

 मला तोंड लपवावेसे वाटले.

आता तांड्याची तूर इथे येत नाही. माझ्यावर गंज चढतो आहे. मित्रांनो, कुणाची वस्तू राखायला घेतलीत, तर कुलपाच्या भरवशावर राहू नका. किल्ली फिरवण्याआधी मालकाला समोर बोलवा. उज्ज्वला पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करणार आहे. तिला तेव्हा तरी जागा मिळू दे, एवढेच मी या रिकाम्या दारावरून मागते आहे.