एकशे सत्तावीसवर अडलेला काटा

मामांनी मेन स्विच खाली ओढला आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सकाळपासून दुसऱ्यांदा!

मामा म्हणजे माझे सासरे, सिद्धलिंगप्पा. बत्तीस वर्षं त्यांनी सूत रंगवायच्या कारखान्यात बॉयलर सांभाळला. काटा लाल रेघेवर गेला की आधी बंद करायचं, मग विचारायचं, हे त्यांच्या अंगात मुरलंय. आमच्या घरात कुकरची तिसरी शिट्टी कधी होतच नाही; दुसरीलाच मामा गॅस बंद करतात.

चूक माझ्या भावाची, गुरुशांतची. मागच्या मे महिन्यात उन्हाळ्यानं माझा कॉम्प्युटर सारखा बंद पडायचा, म्हणून यंदा उन्हाळ्याआधीच, काल रात्री, त्यानं आतलं तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर टाकून दिलं. जाता जाता मामांना सांगून गेला, "लाल आकडा दिसला की बंद करा." कुणाला काय सांगावं याची काही अक्कल! तेव्हापासून मामा खुर्ची टाकून माझ्या पाठीमागे, आणि आज पडद्यावर एका ओळीत लालभडक एकशे सत्तावीस अंश.

आणि आज माझा दिवस होता. नऊ वर्षं मी दुसऱ्यांनी काढलेली नक्षी चादरीसाठी कॉम्प्युटरवर उतरवत आले. या वेळी पहिल्यांदाच नक्षी माझी होती: ज्वारीची कणसं आणि त्यांवर बसलेली पाखरं. चादरीच्या कारखान्यातल्या चन्नप्पांनी बजावलं होतं, "दोनच्या आत फाईल पाठवा. नमुन्याचा माग आज दुपारीच मोकळा हाय, उद्या दुसऱ्याचं काम चढतंय." मागाला कळेल अशी फाईल बनायला माझ्या जुन्या कॉम्प्युटरला चाळीस मिनिटं लागतात, आणि मध्ये बंद पडला की पुन्हा पहिल्यापासून. घड्याळात एक वाजून पाच मिनिटं झाली होती.

"मामा, आता स्विचला हात लावाल तर बघा!" एवढ्या वर्षांत मी त्यांच्याशी असं कधी बोलले नव्हते.

"अव्वा, माझे माय, एकशे सत्तावीस म्हंजी पाण्याची वाफ होती गं. तू त्याच्याम्होरं बसतीस. नक्षी काय, पुन्ना काढशील." एवढा वेळ ते कॉम्प्युटरला नाही, माझ्यासाठी भीत होते. माझा निम्मा राग तिथंच उतरला.

मी जरा शांतपणे विचारलं, "बॉयलरचा काटाच बिघडला, तर तुम्हाला कसं कळायचं?"

मामा खुर्चीत ताठ बसले. "काटा जाळाबरोबर हलतो की. जाळ वाढवला, चढतो. काढला, उतरतो. हललाच न्हाय तर तो काटा मेला. एकट्या काट्यावर भरवसा ठेवायचा न्हाय. दुसरा बघायचा, आन् हातानं बी बघायचं."

"मग बघा की!"

मी कॉम्प्युटर चालू केला. सॉफ्टवेअर उघडतंय तोच पुन्हा एकशे सत्तावीस. मामांचा हात स्विचकडे गेला आणि मध्येच थांबला.

"आत्ता तर चालू केलास. चुलीवर ठेवल्या ठेवल्या पाणी उकळतंय व्हय?"

मी फाईल बनवायला लावली. लाल आकड्याच्या वरची, प्रोसेसरची ओळ सेहेचाळीसवर होती. ती अठ्ठावन्न झाली, मग एकोणसत्तर, मग चौऱ्याहत्तर. आतला पंखा घरघरू लागला. मामांनी कॉम्प्युटरच्या डब्याची बाजू उघडून टेबल फॅनचं तोंड तिकडे वळवलं. थोड्या वेळानं सत्तर, मग अडुसष्ट. लाल आकडा मात्र तसूभर हलला नाही. मागून येणाऱ्या हवेवर मामांनी तळवा धरला, पोराचा ताप बघतात तसा.

"कोमट हाय," ते म्हणाले. "वरची ओळ जिवंत, आन् ही मेलेली."

मी गुरुशांतला स्पीकरवर फोन लावला. "अक्का, त्या जागी सेन्सर जोडलेलाच नाही," तो म्हणाला. "बोर्डवर नुसती जागा आहे. काही जोडलेलं नसलं की असला भलताच आकडा येतो. ती ओळ लपवून टाक."

मामांनी फोन माझ्या हातातून घेतला. "लपवायची कशाला? मेलेल्या काट्यावर आमी खडूनं फुली मारायचो, म्हंजी पुढच्या पाळीचा माणूस भीत न्हाय." पडद्यावर खडू चालेना, तेव्हा त्यांनी आरशाच्या कडेची माझी टिकली काढली आणि बरोबर त्या आकड्यावर चिकटवली. मला इतकं हसू आलं की डोळ्यांत पाणी आलं.

दोनला दहा कमी असताना फाईल झाली आणि गेली. अडीचला चन्नप्पांचा फोन आला. मी स्पीकर लावला.

"मागावर चढवली बघा. नक्षी लई झ्याक हाय, वैनी. कुणाची म्हणायची?"

नऊ वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी 'माझी' म्हणायच्या आत मामा फोनवर वाकले.

"आमच्या श्रीदेवीची. नक्षी तिची, मशीन बी तिचं," ते खणखणीत आवाजात म्हणाले. "मी तिचा काटा बघायला असतो."