गोमुखाखालचा ट्रे

विश्वेश्वर गुरुजी म्हणजे शेंडी राखलेलं अज्ञान, असं सुनीतीचं ठाम मत होतं. काशीत दशाश्वमेध घाटाजवळच्या त्यांच्या घरात ती भाड्याने राहायची आणि विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकवायची, तेही हंगामी. जैसलमेरहून आणलेल्या रानफुलांच्या बिया तिने चौकात चार ट्रेंमध्ये पेरल्या होत्या. मार्चच्या पंधरा तारखेला विद्यापीठाची समिती ती बघायला घरी येणार होती. रोपं दिसली तर नोकरी पक्की, नाहीतर सामान बांधून सातारा.

वाळवंटातली फुलं, त्यांना पाणी कमीच, म्हणून ती रोज ड्रॉपरने थेंब मोजून घालायची. काही उगवलं का, असं गुरुजी रोज विचारायचे. या माणसाला काय कळणार, म्हणून ती उत्तरही द्यायची नाही. महिना गेला, वाळूतून काडी वर आली नाही.

एका सोमवारी ती घरी आली, तर एक ट्रे गुरुजींच्या शंकराच्या गोमुखाखाली. रुद्राची अकरा आवर्तनं होईपर्यंत पिंडीवरची धार वाळूत पडत होती.

"मॅडम, नाली जाम होती," गुरुजी म्हणाले. "तीर्थ पायदळी नको, म्हणून तुमच्या मातीत सोडलं. गलती झाली का?"

तिने त्यांची अक्कल काढली, मग पोथ्याही काढल्या. गुरुजींनी ट्रे उचलून पुन्हा चौकात ठेवला.

पाचव्या दिवशी त्याच ट्रेमध्ये हिरवे कोंब आले. बाकीचे तीन मख्ख.

सुनीतीने स्वतःचा प्रबंध उघडला. तिसऱ्या प्रकरणात तिनेच लिहिलं होतं, की या बियांच्या सालीत उगवण रोखणारं द्रव्य असतं. भरपूर पाऊस ते धुऊन नेईपर्यंत बी जागचं हलत नाही. चार थेंबांना भुलून उगवलेलं रोप वाळूनच मरणार. हे सगळं लिहून ती ड्रॉपर घेऊन बसली होती. तिला स्वतःची किळस आली.

पंधरा तारखेला समितीने रोपं पाहिली आणि पद्धत कुणाची, असं विचारलं. गुरुजी चहाचा ट्रे घेऊन तिथेच उभे होते.

"माझीच," सुनीती म्हणाली. "प्रबंधातच लिहिलंय मी."

नोकरी पक्की झाली. पाहुणे गेल्यावर गुरुजी कप गोळा करू लागले.

"पोथी तोंडपाठ आणि विधी येत नाही, असे आमच्यातही असतात, मॅडम," ते शांतपणे म्हणाले. "त्यांना आम्ही यजमानाकडे पाठवत नाही."