मुठीवरचा खळगा

मी नांगर बोलतोय. लाकडी. माझे लोखंडी भाऊबंद माझ्यानंतर आले आणि माझ्याआधी भंगारात गेले, म्हणून बढाई मारायला मीच उरलोय. आवाज जरा बसलाय, कारण अंगावर व्हार्निशचे दोन हात आहेत.

माझा मालक बैलांशी दिवसभर गप्पा मारायचा. घरी मात्र तोंडात मिठाची गुळणी. वर्षानुवर्षं दाबून दाबून माझ्या मुठीवर त्याच्या तळव्याचा खळगा पडला होता. अंगठ्याची जागासुद्धा ओळखू यायची. मालकिणीने मला कधी हात लावला नाही. शेत त्याचं, घर तिचं.

ट्रॅक्टर आला आणि मी गोठ्याच्या माळ्यावर गेलो. मालक वारला तेव्हाही तिथेच होतो. मला फार वाईट वाटलं, पण नांगराला कोण भेटायला येतंय!

मग एक दिवस संग्रहालयाच्या बाई आल्या. शेतकरी-गुराख्यांच्या वस्तूंचं दालन त्या आखत होत्या. माझ्या मुठीवर हात ठेवून त्यांनी खळग्यात आपला अंगठा बसवून पाहिला.

"मावशी, हा दाराशीच ठेवू. येणारा प्रत्येकजण इथे हात ठेवूनच आत जाईल."

मालकिणीच्या डोक्यात 'दाराशी' एवढंच राहिलं. चारचौघांत नवऱ्याची वस्तू अशी झिजकी? लोक काय म्हणतील? तिने लगोलग सुताराला बोलावलं. खळगा जाईपर्यंत त्याने रंधा मारला.

बाई टेम्पो घेऊन आल्या आणि बघतच राहिल्या.

"मावशी, मुठीवरचा तो खळगा?"

"ती खोक होय? काढून टाकली. बघा, कसा नवरदेवासारखा दिसतोय!"

"तो त्यांच्या हाताचा होता, मावशी."

"अगं बाई! आणि मीच तो खरवडायला लावला?"

बाईंनी दालन पुन्हा आखलं. आता दाराशी दुसऱ्या कुणाचं तरी जू आहे आणि मी मागच्या भिंतीला. तक्रार नाही. फक्त एक विनवणी: घरातलं जुनं काही घासायला काढाल, तेव्हा आधी त्यावर हात फिरवून बघा.

मालकीण अधूनमधून येते. पहारेकरी तिला अडवत नाही. ती माझ्या गुळगुळीत मुठीवर तळवा इकडेतिकडे सरकवते आणि हळूच विचारते, "कुठे धरायचा रे तो तुला?"

मला ती जागा पाठ आहे. तुमच्याशी एवढं बोललो, पण तिला मात्र सांगता येत नाही.