नोंदीत नसलेली विहीर

"पाय आडवा टाका गो ताई, पायरी निसरडी हाय," म्हणत काळूराम शेणवे गावच्या विहिरीत आणखी चार पायऱ्या उतरला. विहिरीच्या उघड्या भिंतीवर त्याने तळवा ठेवला. "ह्यो वरचा मुरूम. त्याखाली भोकाभोकांचा, त्याला आमी मांजऱ्या म्हनतो. मंग ही तांबडी माती, वीतभर. पानी थांबतं ते हिच्यावरच. हिच्याखाली निस्ता काळा पाषाण."

पुण्याहून आलेली सहा जणं माना वाकवून बघत होती. जमिनीखालचे थर पडद्यावर काढून दाखवणारं सॉफ्टवेअर ती लिहायची. पण खराखुरा थर हाताने चाचपायची त्यांची ही पहिलीच खेप. त्यांची प्रमुख रुपाली. तिने तांबड्या मातीला बोट लावलं, ते लाल झालं तशी ती खुदकन हसली. काळूरामला ती पोर तिथंच आवडली. चाळीस वर्षांत त्याने साठेक विहिरी खणल्या होत्या. खडकाकडे इतक्या मायेने बघणारं माणूस त्याला भेटलं नव्हतं.

दुपारी आंब्याखाली सगळे भाकरी खायला बसले, तेव्हा रुपालीने लॅपटॉप त्याच्याकडे वळवला.

"बाबा, ही शेणव्याची विहीर, ही तुम्हीच खणलेली डोळखांबच्या वाटेवरची. दोन्हीकडे तांबडी माती आहे, म्हणून सॉफ्टवेअर मधली रेघ जोडून टाकतं. म्हणजे मधल्या पाड्यावर तीस फुटांवर पाणी लागेल. पाड्यावरचे लोक पुढच्या आठवड्यात खणायला घेतायत."

काळूरामचा घास हातातच राहिला. गप्प बसला असता, तर यातल्या कुणाला काही कळलं नसतं.

"ती रेघ खोटी हाय," तो म्हणाला. "तिथं मी खणलीय. पंचेचाळीस फूट. तांबडी लागलीच नाय. जागा बदलली म्हून आता लागंल, असं त्या लोकांना वाटत असंल."

"पण हे तुम्ही आधी सांगितलं नाहीत!"

"कोरडी विहीर कोन सांगतं, ताई?" त्याने भाकरी खाली ठेवली. "पाडा माझ्या बायकोच्या, लहानीच्या माहेरचा. जागा मीच दावली. माझ्या शब्दावर त्या लोकांनी आख्खा उन्हाळा घमेली उपसली. माझी लहानी रोज म्हनं, आज लागंल. शेवटी आमीच बुजवली. लहानी गेली त्यालाबी आता बारा वर्सं झाली. पन त्या पाड्यावर मी पुन्ना पाय ठेवला नाय."

रुपालीने लॅपटॉप पुन्हा स्वतःकडे वळवला. मग हलकेच म्हणाली, "आमच्याकडे सगळ्या पाणी लागलेल्याच विहिरी आहेत, बाबा. म्हणून तर चुकलो. तांबडी माती इकडून कुठपर्यंत असेल?"

"पाड्याआधी वढा लागतो, त्याच्या अल्याड. वढा वलांडला का संपली."

तिने त्याची कोरडी विहीर नोंदवली. पडद्यावरची लाल रेघ पाड्यापाशी तुटली आणि शेणव्याकडचा तुकडा मागे सरकत ओढ्यापाशी थांबला. "ओढ्याच्या अलीकडे नक्की कुठे खणायचं, ते दाखवायला याल? आता जागा बदला म्हटलं, तर तुमच्याशिवाय ते लोक आमचं कशाला ऐकतील?"

काळूरामने उरलेली भाकरी फडक्यात बांधली. मग उठला.

पाड्यावर गाडी थांबली तशी पहिल्याच घरातून एक म्हातारी बाहेर आली. डोळ्यांवर हात धरून तिने निरखून पाहिलं. लहानीची धाकटी बहीण, वत्सला.

"दाजी?" ती म्हणाली. "किती वाट बघायची मान्सानं?"

विहिरीचं तिने काढलंसुद्धा नाही. आत गेली, दोन मैलांवरून डोक्यावर आणलेल्या हंड्यातून तांब्या भरून घेऊन आली. काळूरामने तो दोन्ही हातांनी धरला आणि थेंबही सांडू न देता तळापर्यंत प्यायला.