चौकडीचा खिसा

"हा फ्रॉक कोणाचा आहे?" त्या माणसाने विचारलं.

आवाज अगदी मऊ होता. भाजी निवडताना पान धरावं तसा त्याने दोरीवरच्या पिवळ्या फ्रॉकचा खिसा दोन बोटांत धरला होता. अंगात स्वच्छ शर्ट, भांग नीट पाडलेला, दुसऱ्या हातात खाऊचा पुडा. रस्त्यात भेटला असता तर मी त्याला वाट विचारली असती, इतका सभ्य दिसत होता.

इस्त्रीवाल्या मावशीने हात थांबवला नाही. कोळशाची जड इस्त्री टेबलावरच्या चादरीवरून पुढे गेली, मागे आली. मी त्या टेबलापाशीच ओल्या कपड्यांची गाठोडी घेऊन उभी होते. माझ्या पाठीशी गल्ली, आणि गल्लीच्या टोकाला आमचं घर. त्या घरात या माणसाची बायको आणि मुलगी होती. मी तिकडे पळाले असते तर त्याला वाट दाखवल्यासारखं झालं असतं. नुसती मान वळवली असती तरी झालं असतं. म्हणून मी गाठोडीची गाठ सोडायला लागले आणि सोडतच राहिले.

आमच्या घराला पाटी नव्हती. गल्लीतले लोक त्याला 'शेवटचं घर' म्हणत, त्यापलीकडे काही म्हणत नसत. नवऱ्याच्या माराला कंटाळून, कधी नेसत्या वस्त्रानिशी, कधी पोरं काखोटीला मारून बाया तिथे येत. मी त्या घराची देखरेख करायचे. राहायची, जेवणाची, औषधाची सोय आम्ही करू शकत होतो. लपवायची कला मात्र आम्हाला येत नव्हती. ती गल्लीला येत होती.

सुरुवातीला आम्ही कपडे आमच्याच गच्चीवर वाळत घालायचो. एका संध्याकाळी मावशी आली. ये म्हटलं तरी आत आली नाही, उंबऱ्यातूनच बोलली.

"ताई, तुमची दोरी बघून मी सांगते, आत बायका किती, तान्हं मूल कोणाकडे आहे आणि कालच्याला नवीन कोण आलं. मला कळतं तर येणाऱ्याजाणाऱ्याला कळेल. हे नवरे बायकोच्या तोंडाकडे कधी धड बघत नाहीत, पण तिचा कपडा बरोब्बर ओळखतात."

दुसऱ्या दिवसापासून ती आमचे धुतलेले कपडे घेऊन जायला लागली. इस्त्रीवाली गाठोडी नेते आणि आणते, यात कोणाला काय वाटणार? ती ते कपडे घरोघर वाटायची. एक परकर कोपऱ्यावरच्या घरी, एक टॉवेल सायकल दुरुस्तीवाल्याच्या दुकानामागे, एक झबलं समोरच्या सुनेच्या दोरीवर. वाळले की लोक आपल्या कपड्यांबरोबर ते इस्त्रीला आणून टाकत आणि रात्रीच्या आत घडी होऊन आमचे आमच्याकडे परत येत. एका बाईचे दोन कपडे एका दोरीवर कधी नाहीत. नवीन आलेलीचा कपडा मागच्या अंगणात. मुलांचे कपडे फक्त मुलं असलेल्या घरात. हे सगळे नियम मावशीचे. मुलाबाळाचं घर नसताना दोरीवर चिमुकला कपडा दिसला की रिकामटेकड्यालाही प्रश्न पडतो, असं तिचं म्हणणं.

गल्लीने कधी बैठक घेतली नाही की कोणी कोणाला शपथ घातली नाही. लोकांनी आपापल्या दोरीवर थोडी जागा करून दिली, इतकंच. समोरची सून हसत सांगायची, "आमचे हे म्हणतात, मी घरात एकच बायको आणली होती, दोरीवर चार दिसतात."

फक्त साहेबांनी जागा दिली नव्हती. साहेब म्हणजे कचेरीतून निवृत्त झालेले, गल्लीतलं एकमेव लोखंडी फाटक असलेले गृहस्थ. शेवटचं घर इथे नकोच, नसती भानगड दारात येईल, असं त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात ऐकवलं होतं. दरवर्षी ते फाटकाला स्वतः हिरवा रंग देत आणि रंग ओला असेपर्यंत खुर्ची टाकून राखण करत. पोरांना त्यांची भीती वाटायची. मलाही थोडी वाटायची.

आणि मावशीचं म्हणाल तर, ती एकटी राहायची. तिला एक मुलगी होती, हे मला ऐकून माहीत होतं. लग्न करून दिली, एकदा माहेरी निघून आली, मावशीने समजूत घातली, तिचे कपडे धुऊन कडक इस्त्री करून पिशवीत भरून दिले आणि परत पाठवली. त्यानंतर मुलगी आली नाही. जिन्यावरून पडली, असा निरोप आला. मी गल्लीत आले तेव्हा ही गोष्ट जुनी झाली होती. मावशीसमोर त्या मुलीचं नाव कोणी काढत नसे. तिला त्रास नको म्हणून गल्लीने ते नाव जणू कुलपात ठेवलं होतं.

त्या दिवशी समोरची सून मुलांना घेऊन माहेरी गेली होती. नव्याने आलेल्या मुलीचा पिवळा फ्रॉक पहिल्या गाठोडीत होता. तो कोणा दुसऱ्या लेकुरवाळीकडे जायला हवा होता, आणि तोही मागच्या अंगणात. मी दुसरी गाठोडी घेऊन आले तेव्हा तो मावशीच्याच दोरीवर होता, रस्त्याच्या बाजूला, अगदी दर्शनी. कॉलर सरळ केलेली, बाह्या हाताने ओढून नीट केलेल्या. तिचेच दोन्ही नियम तिनेच मोडले होते. मी तोंड उघडणार, तेवढ्यात हा माणूस वळणावरून आत आला आणि दोरीपाशी थबकला.

"मावशी, मी विचारतोय तुम्हाला. फ्रॉक कोणाचा?"

"तुम्हाला शिवून घ्यायचाय का तसला?"

"माझ्या मुलीचा आहे हा." त्याने खिसा पुढे ओढला. खिसा निळ्या चौकडीच्या कापडाचा होता. "हे माझ्या शर्टाचं कापड आहे. फाटला म्हणून टाकून दिला होता, तिच्या आईने त्याचा खिसा लावला. मी माझा शर्ट ओळखणार नाही?"

माझ्या हातातली गाठ एव्हाना सुटली होती. मी ती परत बांधायला घेतली.

"असले चौकडीचे शर्ट रोज माझ्या हाताखालून जातात," मावशी म्हणाली. "आत कोण असतो ते मला कळत नाही. फ्रॉक माझ्या मुलीचा आहे."

मी तिच्याकडे बघितलं नाही. पण इस्त्री थांबली, हे मला आवाजावरून कळलं.

"कुठे आहे तुमची मुलगी? बोलवा की."

"ती नाही आता."

तो हसला. वाईट हसला नाही, समजूतदार हसला, आणि त्या हसण्याचीच मला जास्त भीती वाटली. म्हणाला, "नाही, आणि तिचा फ्रॉक ओला आहे? नसलेल्या मुलीचे कपडे कोण धुतं?"

"आई धुते," मावशी म्हणाली.

त्याने खिसा सोडला नाही. आता तो दार दार ठोठावत जाणार, हे दिसत होतं. आमच्या घराच्या खिडक्या बंद होत्या, पण आत एक पाच वर्षांची मुलगी होती आणि तिला बापाचा आवाज ओळखता येत होता. एक हाक पुरली असती.

तेवढ्यात सायकल दुरुस्तीवाला काळे हात पुसत बाहेर आला. त्याला सगळे ब्रेककाका म्हणायचे, कारण जगाचे ब्रेक नीट करणाऱ्या या माणसाच्या जिभेला ब्रेक नव्हता. मला वाटलं, आता हा काहीतरी वेडंवाकडं बोलून घात करणार.

तो त्या माणसाशी बोललाच नाही. फ्रॉककडे बघून म्हणाला, "हाच घालून ती माझ्याकडे सायकल शिकायची. उतारावरून निघाली की ब्रेक नाही, काही नाही, थेट माझ्या पंक्चरच्या पाण्याच्या घमेल्यात. कितीदा तरी. वर मलाच म्हणायची, काका, घमेलं रस्त्यात कशाला ठेवता?"

कोपऱ्यावरच्या घरातली म्हातारी ओट्यावर येऊन बसली होती. ती म्हणाली, "या टेबलाखाली बसून अभ्यास करायची. वरून इस्त्रीची ऊब येते म्हणायची. थंडीत आमचं मांजरही तिच्या मांडीत जाऊन बसायचं. मांजर आमचं, पण ओळख तिची." आणखी एकजण पायरीवरून म्हणाली की तिला शिट्टी वाजवता यायची, मुलीच्या जातीला शोभत नाही म्हणून आपण ओरडलो होतो, नसतं ओरडलं तर बरं झालं असतं.

एकेक दार उघडत होतं. कोणी त्या माणसाला अडवत नव्हतं, दरडावत नव्हतं. सगळे आपसांत बोलावं तसं त्या मुलीबद्दल बोलत होते. तो पिवळा फ्रॉक काही तिचा नव्हता. बाकीचं सगळं, सायकल, मांजर, शिट्टी, तिचंच होतं. एवढी वर्षं मावशीसमोर न काढलेले शब्द लोकांनी अगदी जपून ठेवले होते. आजही ते आठवलं की मी थक्क होते. माणसं इतकं साठवून, इतकं गप्प राहू शकतात?

"नाटकं आहेत ही," तो माणूस म्हणाला. आवाजातला मऊपणा आता थोडा उसवला होता. "सगळे सामील आहात तुम्ही."

तेव्हा साहेबांचं फाटक करकरलं. साहेब बाहेर आले, पायात सपाता, हातात घडी घातलेलं वर्तमानपत्र. खरं बोलून मोकळं व्हायला त्यांना एवढंच निमित्त पुरे होतं.

"इकडे या," ते त्या माणसाला म्हणाले. कचेरीत शिपायाला बोलवावं तसं. सवयीनेच तो गेला. खिसा हातातून सुटला.

साहेबांनी फाटक पूर्ण आत लोटलं आणि त्याची आतली बाजू दाखवली. सगळीकडे गुळगुळीत हिरवा रंग. फक्त खालच्या पट्टीवर एक तुकडा जुना, फिका, आणि त्यात लहान मुलाच्या पंजाचा ठसा. पाचही बोटं स्पष्ट. दरवर्षी त्या ठशाला वळसा घालून साहेबांनी रंग दिलेला होता. थर चढून चढून कडा उंच झाली होती आणि पंजा खोल गेल्यासारखा दिसत होता.

"त्या मुलीचा आहे," साहेब म्हणाले. "या मावशींच्या मुलीचा. तुम्हाला अजून काही विचारायचंय?"

तो वाकला. बघितलं. मग सरळ होऊन गल्लीकडे बघितलं. ओट्या-पायऱ्यांवर उभी असलेली माणसं त्याच्याकडे बघत होती आणि प्रत्येकाच्या पाठीमागे दोरीवर कोणाकोणाचे कपडे हलत होते. शेवटच्या घराच्या दिशेनेही त्याची नजर गेली. तिथे दोरीच नव्हती. एका मुलीच्या मरणाचं खोटं सांगायला एवढी माणसं बाहेर येत नाहीत, असं त्याला वाटलं असावं. आणि त्यात तो चुकलाही नव्हता. "माफ करा," असं म्हणून तो वळला. ते शब्द त्याच्या तोंडात सवयीचे वाटले. खाऊचा पुडा तसाच हातात घेऊन तो वळणाआड गेला. ब्रेककाका एक सायकल घेऊन, ती तपासत असल्यासारखा, त्याच्या मागोमाग थेट बसथांब्यापर्यंत जाऊन आला.

मावशी टेबलामागून बाहेर आली आणि फाटकापाशी गेली. गुडघ्यावर बसली. फाटकाची ती बाजू तिने कधी पाहिलीच नव्हती. बाहेरचं माणूस साहेबांच्या आवारात जायचंच नाही.

"कधीचा हो, साहेब?"

"फाटक नवं होतं तेव्हाचा. ओला रंग असताना आत डोकावली आणि हात टेकला."

"मला नाही सांगितलंत."

साहेबांनी वर्तमानपत्राची घडी उलटी केली, परत सुलटी केली.

"तुम्ही तिला रागावला असता," ते म्हणाले.

मावशीने मान हलवली. रागावले असते खरी, असं म्हणाली. पंजाला तिने हात लावला नाही. बराच वेळ बसली, मग तिला चादरीवर ठेवलेल्या इस्त्रीची आठवण झाली. चादरीला मोठा तपकिरी डाग पडला होता. तिच्या हातून जळालेला तो मला माहीत असलेला पहिला आणि शेवटचा कपडा. चादर कोपऱ्यावरच्या म्हातारीची होती. तिने ती तशीच नेली आणि पुढे कित्येक वर्षं डागासकट अंथरली.

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या अंगणात दोरी आली. गाठी इतक्या बेंगरूळ होत्या की समोरची सून माहेराहून आल्यावर पोट धरून हसली. पण त्या कधी सुटल्या नाहीत.

ती बाई आणि तिची मुलगी लवकरच दूरच्या गावी सुरक्षित जागी गेल्या. निघताना आईने फ्रॉक मावशीच्या टेबलावर ठेवला. मुलगी म्हणाली, माझा आहे तो. आई म्हणाली, आता त्यांच्या मुलीचा आहे. मुलीने थोडा विचार केला, खिशात हात घालून आतला खडा काढून घेतला आणि फ्रॉक राहू दिला.

तेव्हापासून तो गल्लीतच आहे. आज एका दोरीवर, उद्या दुसऱ्या. घरात मूल असो नसो, हा एकच कपडा त्या नियमातून सुटला. मावशी होती तोवर तीच तो धुवायची, इस्त्री करायची आणि पुढच्या घरी द्यायची. ती गेल्यावरही कोणी न ठरवता तो फिरत राहिला. शेवटच्या घरात आता माझ्या जागी दुसरी मुलगी काम बघते, चांगलं बघते. मी समोरच्याच घरात एक खोली घेऊन राहते. दोन पावलं चालले की दम लागतो.

खिशाची चौकडी आता उडाली आहे. माहीत नसेल त्याला तो साधा पांढरट खिसा वाटेल. सकाळी मी तो माझ्या दोरीवर घातला, कॉलर सरळ केली, बाह्या ओढून नीट केल्या. ऊन उतरायला लागलंय. आत घ्यायला हवा. उद्या तो हिरव्या फाटकाच्या घरी, साहेबांच्या सुनेकडे जायचा आहे.