तिसऱ्या बाकावरची घंटी

मी स्वयंपाकघरात वापरतात तसला एक जुना टायमर आहे. मित्रांनो, आपली कहाणी सांगणारे आधी आपले गुण सांगतात. माझ्याजवळ आधी लाज आहे, तेव्हा तीच सांगतो.

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या एका कारखान्यात मला बनवलं. पांढरं पोट, वर मिनिटांची तबकडी, आत पोलादी कमान, म्हणजे स्प्रिंग. तबकडी पिळली की मी टकटक करत उलटा मोजतो आणि शून्यावर आलो की वाजतो. एवढंच मला येतं. बरीच वर्षं मी डुलुथ शहरातल्या एका घरात ओव्हनवर बसून होतो. तिथे माझ्यामुळे काही करपलं नाही.

त्या घरच्या बाई, डॉ. इंग्रिड हॅल्वर्सन, कॉलेजात संगणक शिकवत. त्यांच्या प्रयोगशाळेत दोघांत एक संगणक असे. एकाने कीबोर्डवर बसायचं, दुसऱ्याने शेजारी बसून वहीत टिपायचं. बाईंनी पाहिलं की कीबोर्डवर नेहमी मुलगे आणि वहीवर नेहमी मुली. त्यांची स्वतःची कॉलेजातली वर्षंही वह्या भरण्यात गेली होती. म्हणून त्यांनी सात बाकांवर सात टायमर ठेवले. त्यातला एक मी. नियम साधा होता. वीस मिनिटांनी घंटी वाजली की उठायचं, जागा बदलायची, वाद घालायचा नाही.

मी तिसऱ्या बाकावर आलो. तिथे मार्नी लुओमा आणि कोल्बी रीस बसत. मार्नी लोखंडाच्या खाणीजवळच्या गावातली. तिचा बाप खाणीवरचे ट्रक दुरुस्त करायचा आणि ही लहानपणापासून त्याच्या हाताखाली पाने-पकडी धरून उभी असायची. तिला संगणकशास्त्राच्या शाखेत जायचं होतं. त्यासाठी या विषयात वर्षअखेरीला निदान ‘बी’ श्रेणी हवी होती. त्याखाली गेलं की दार बंद. हे तिने पहिल्याच दिवशी कोल्बीला सांगितलं. तो म्हणाला, काळजी कशाला, मी आहे ना. त्याच्या घरी तो आठ वर्षांचा असल्यापासून संगणक होता. पोरगा वाईट नव्हता. तिच्यासाठी डोनट आणायचा.

पहिल्यांदा मी वाजलो तेव्हा मार्नी उठून उभी राहिली. कोल्बी पडद्यावरची नजर न हलवता म्हणाला, "थांब गं, हा कंस बंद करतो." आणि डाव्या हाताने त्याने मला पुन्हा वीसवर पिळलं. मी मुकाट्याने मोजायला लागलो. मार्नी खाली बसली.

पुढच्या आठवड्यात ती म्हणाली, "कोल्बी, ऊठ. माझी वेळ झाली."

"अगं, तू दोन बोटांनी टाइप करतेस. उन्हाळा उजाडेल. तू लिही ना, तुझं अक्षर छान आहे."

मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "तिला बसव रे, आम्ही तेवढ्यात जेवून येतो."

सगळे हसले. मार्नीही हसली. बाकीच्यांपेक्षा तिचं ते हसणं मला जास्त बोचतं.

शेजारी बसून ती त्याच्या चुका पकडायची. शेवटचा आकडा सुटतोय, इथे फेरी एकदा जास्त होतेय, असं सांगायची. तो दुरुस्त करायचा आणि म्हणायचा, आपली जोडी भारी आहे. जोडीतली बोटं मात्र एकट्या त्याचीच शहाणी होत होती.

आणि बाई? त्या शेजारच्या खोलीत वह्या तपासत बसायच्या. माझी घंटी भिंतीपलीकडे ऐकू गेली की त्यांना वाटायचं, जागा बदलल्या. माझा गुन्हा इथे आहे, मित्रांनो. मी दर वीस मिनिटांनी खोटी साक्ष देत होतो, तीही खणखणीत आवाजात. मी यंत्र आहे, पिळलं की फिरायचं, ही सबब मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगितली. तुम्ही ती ऐकून घेऊ नका.

हिवाळ्यात माझं कौतुक झालं. विभागाच्या अहवालात छापून आलं की टायमरमुळे मुलामुलींना समान वेळ मिळतो. माझा फोटोही होता. मी फुगलो. तिसऱ्या बाकावर काय चालतं ते ठाऊक असून फुगलो.

मे महिन्यात परीक्षा झाली. एकेकट्याने संगणकावर बसायचं, दोन तास. आम्हा टायमरना बाईंच्या टेबलावर काढून ठेवलं होतं. मार्नीने सगळं उत्तर आधी कागदावर लिहिलं. ते बिनचूक होतं. मग ती कीबोर्डकडे वळली. कंसाची कळ कुठे, लिहिलेलं चालवून कसं बघायचं, लाल चूक आली की पुढे काय, हे तिने नऊ महिने दुसऱ्याच्या बोटांवर पाहिलं होतं. दोन तासांत अर्धंही उतरलं नाही. तिला ‘सी’ मिळाला.

ती बाईंकडे आली आणि पुन्हा परीक्षा घ्या म्हणाली. बाई गोंधळल्या. "पण मी रोज घंटी ऐकत होते."

"घंटी वाजायची, मॅडम. उठायचं कुणी नाही."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"त्याला दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगणाऱ्या मुलीला काय म्हणतात, तुम्हाला ठाऊक नाही?"

बाईंना ठाऊक होतं. त्या उठल्या, तिच्याकडून तसा अर्ज लिहून घेऊन विभागप्रमुखांकडे गेल्या आणि पंधरा मिनिटांत परत आल्या. प्रमुखांनी तोच अहवाल त्यांच्यापुढे टाकला होता. टायमर होता ना? मग वेळ मिळाला. अर्ज नामंजूर.

मार्नीने मला टेबलावरून उचललं. वाटलं, आपटते आता. आपटलं असतं तर बरं झालं असतं. तिने मला जिथल्या तिथे ठेवलं आणि दुसऱ्या शाखेचा फॉर्म मागितला.

पुढच्या वर्षापासून बाई बाकांमधून फिरू लागल्या, उभं राहून एकेकाला उठवू लागल्या. मला वाळलेल्या पेनांच्या खणात टाकलं. कमान गंजत चालली आहे. ते ठीकच आहे. मला पुसा, मला तेल घाला, असं मी म्हणणार नाही.

मागणं एकच आहे. तुमच्याही शाळेत नियम असेल, पाटी असेल, सुंदर छापलेला अहवाल असेल. त्याच्या भरवशावर शेजारच्या खोलीत बसू नका. उठा, आत जा आणि बघा, खुर्चीत कोण बसलं आहे.