न हसणारा गाल

त्या सकाळी ताई चूळ भरत होती आणि पाणी ओठांच्या डाव्या कोपऱ्यातून आपोआप हनुवटीवर ओघळले. तिला वाटले, झोप पुरती उतरलेली नाही. तिने आरशात पाहून भुवया उंचावल्या. उजवी उंचावली. डावी जिथल्या तिथे पडून राहिली, जणू तिला कोणी हाकच मारली नव्हती.

डॉक्टर म्हणाले, चेहऱ्याची नस सुजली आहे; पुष्कळांची पूर्ववत होते, काहींची फार हळू होते, थोड्यांची थोडी राहून जाते. ताईच्या कानांनी यातले शेवटचे तेवढे उचलले. आईने पहिलेच धरून ठेवले आणि येईल-जाईल त्याला ती तेच ऐकवू लागली. नाकी-डोळी नीटस म्हणून जिचे कौतुक तिने आयुष्यभर केले, त्या लेकीशी बोलताना मात्र ती आता हळूच खिडकीबाहेर पाहायची.

ताईचे काम ठाऊक नसेल तर ही आपत्ती पुरती कळणार नाही. एका मोठ्या दुकानाच्या तळमजल्यावर, दाराशीच, सौंदर्यप्रसाधनांचा काउंटर आहे. तिथे ती गालांची लाली विकते. त्या काउंटरची एक रीत आहे. विकणारीने रंग आधी स्वतःच्या गालावर लावून दाखवायचा, मग गिऱ्हाइकाच्या. काचेखाली मांडलेल्या डब्यांत नुसता रंग असतो; त्याचे काय होते ते विकणारीच्या चेहऱ्यावर कळते. म्हणजे तिथे चेहरा हाच मालाचा नमुना. आणि चेहऱ्याला सांगायचे पहिले वाक्य ठरलेले: हसा. हसले की गालाचा जो भाग वर येऊन गोल होतो, तिथे ब्रश टेकवायचा आणि रंग कानाच्या दिशेने विरवत न्यायचा. ताई हे वाक्य अशा लाघवाने म्हणायची की रागावलेली माणसेही हसत. त्यांच्यासमोर ती स्वतः हसायची, आणि तिचे दोन्ही गाल एकदम वर यायचे.

रजा संपत आली तेव्हा मजल्याच्या साहेबांचा फोन आला. माणूस वाईट नव्हता. शनिवारी ये, म्हणाले, काउंटरवर बस, एक गिऱ्हाईक कर, मी बघतो. जमलं तर जागा तुझीच आहे. नाहीतर गोदामात सोय करू. काढून कोणी टाकत नाही. ताईने फोन ठेवला आणि बराच वेळ हाताच्या पालथ्या बाजूने डावा गाल दाबत राहिली. गोदामात तिची उमेदीची वर्षे गेली होती. ते तळघरात आहे. तिथे खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या आणि खोकी रचायची. तिथून वर येण्यासाठी तिने काय काय सोसले ते मी पाहिले आहे. ती मला एवढेच म्हणाली, “तिथे माणसाचं तोंड दिसत नाही रे. खोक्यावर छापलेली तोंडं तेवढी दिसतात, आणि ती सगळी हसत असतात.”

लाली तिला स्वतःची स्वतः लावता येईना. डाव्या डोळ्याची पापणी मिटत नव्हती. बुबुळ कोरडे पडू नये म्हणून त्यात सारखे मलम घालावे लागे, आणि मलमातून सारे धुक्यातल्यासारखे दिसे. एका डोळ्याने तिला ब्रश गालाला टेकला की नाही याचाही अंदाज येत नसे. शिवाय निर्जीव गालावर तिचा हात जड पडत होता. जिथे हसू येत नाही तिथे ती रंग भरत होती, आणि तिला कोणीतरी थोबाडीत मारल्यासारखे दिसत होते.

म्हणून ब्रश माझ्या हाती आला. मी तसबिरींना चौकटी बसवण्याचे काम करतो. दिवसभर काच, लाकूड आणि पट्टी यांच्याशी माझा संबंध. माणसांशी बोलण्याचा प्रसंग आला की मी शब्द घशाशी धरून ठेवतो. ताई मला लहानपणापासून मुखदुर्बळ म्हणते. त्या दिवशी माझ्यासमोर स्टुलावर बसत ती म्हणाली, “एकाचं तोंड उघडत नाही आणि एकीचं मिटत नाही. आईच्या पदरात काय रत्नं पडलीत बघ.”

मी हसलो. तीही हसली, अर्धी.

मला जे येत होते तेच मी केले. तिला हसायला लावून उपयोग नव्हता. उजवा गाल वर गेला असता आणि डावा तसाच राहिला असता. तेव्हा मी पट्टी घेतली. नाकाच्या मध्यापासून दोन्हीकडे सारखे अंतर, डोळ्याखालून सारखे अंतर. तसबीर भिंतीवर टांगताना घेतात तसे माप. त्या खुणांवर लाली टेकवली आणि कडा बोटाने विरवल्या. ताईने आरसा समोर धरला. रंग दोन्हीकडे तंतोतंत होता. आईने स्वयंपाकघरातून डोकावून पाहिले आणि तिच्या डोळ्यांत जे उजळले, त्याने आम्ही दोघेही फसलो. पुढचे काही दिवस आम्ही हेच माप घोटत बसलो, आणि त्या सबंध काळात ताई तोंड मिटून, चित्रासारखी निश्चल बसत होती. हालणाऱ्या चेहऱ्यावर मापाचे काय होईल हा प्रश्न चौकटीवाल्याला पडला नाही, ते समजण्यासारखे आहे. पण तो तिलाही पडला नाही. ती आरशात स्वतःला नीट पाहायलाच धजत नव्हती.

शुक्रवारी दुपारी शेजारच्या काकू डोकावल्या आणि काहीतरी चेष्टेचे बोलल्या. ताईने उत्तर दिले, आणि मी ते पाहिले. तिचा उजवा गाल उचलला गेला, त्यावरचा रंग डोळ्यापाशी चढला; डावा रंग खालीच राहिला. एक दिवा वरच्या खोलीत, एक खालच्या. लाली लावली नसती तर वाकडेपणा एवढा दिसला नसता. आम्ही त्याच्या दोन्ही टोकांना खुणा करून ठेवल्या होत्या. काकू गेल्यावर ताईने मला विचारले नाही. माझ्या चेहऱ्यावरून तिने ओळखले असावे. तिने दाराला कडी घातली, मोठा आरसा भिंतीवरून उतरवून पलंगावर टेकवला आणि त्याच्यासमोर बसून एकेक अक्षर म्हणू लागली.

ती दुपार मी विसरणार नाही. का, ती, दो, ला. ही अक्षरे सुटत होती. जिथे ओठाला ओठ लागावा लागतो तिथे हवा डाव्या कोपऱ्यातून निसटत होती आणि अक्षर फुसके होऊन बाहेर पडत होते. प नाही, ब नाही, म नाही. ‘गुलाबी’ म्हणता येईना. ती पुन्हा म्हणाली, पुन्हा, मग बोटांनी ओठांचा कोपरा चिमटीत धरून म्हणाली. शेवटी तिने उशी तोंडावर दाबली आणि तिच्या खांद्यांवरून मला कळले की ती ओरडते आहे. मी तिथेच उभा होतो, हातात ब्रश होता, आणि त्याचे काय करायचे ते मला सुचत नव्हते.

पुष्कळ वेळाने तिने उशी बाजूला केली. स्वतःचा गाल ती आंधळ्यासारखी चाचपू लागली. खालचे मऊ मांस सोडून तिची बोटे वर सरकली, डोळ्याच्या बाहेरच्या कोनाखालून कानाकडे जाणाऱ्या हाडावर थांबली. तिने काहीतरी बोलून पाहिले. बोटे हालली नाहीत.

“इथे लाव,” ती म्हणाली. “हाड हसत नाही.”

मी पट्टी ठेवून दिली. ब्रशवरचा जास्तीचा रंग झटकला, हाडावर अगदी हलका टेकवला आणि वर, कानशिलाकडे नेत नेत दिसेनासा केला. मग ती बोलली, आणि दोन्हीकडचा रंग आपल्या जागी राहिला. चेहरा सरळ झाला नाही. पण पाहणाऱ्याची नजर गालांवरून उचलली जाऊन डोळ्यांकडे जाऊ लागली. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. आमच्या हाती एक हाड लागले होते.

शनिवारी मी तिच्याबरोबर गेलो. काउंटरपासून थोड्या अंतरावर अत्तरांच्या बाटल्या मांडल्या होत्या. तिथे उभा राहून मी एकामागून एक वास घेण्याचे सोंग करत होतो. साहेब खांबाला टेकून उभे होते. काउंटरवरच्या दुसऱ्या मुलीला, जिला सगळे चिमणी म्हणत, त्यांनी जवळच थांबायला सांगितले होते. ती ताईच्या हाताखालीच शिकलेली. तिला कुठे पाहावे ते कळत नव्हते.

गिऱ्हाईक म्हणून एक प्रौढ बाई येऊन बसल्या. गाल आता खाली आलेत, म्हणाल्या, हसले की आणखीच लोंबतात, मला काय शोभणार? ताईने त्यांच्या हनुवटीला दोन बोटे लावून चेहरा उजेडाकडे वळवला. तिचे ठरलेले पहिले वाक्य यायची ही जागा होती.

“काकू, हसू नका,” ताई म्हणाली. “गाल सैल सोडा. हे हाड लागतंय ना हाताला? लाली इथे लावायची.”

तिने रीतीप्रमाणे आधी स्वतःच्या गालाकडे बोट दाखवले. बाईंनी न्याहाळून पाहिले आणि मान हलवली. ताईने रंग निवडला. तो पीच होता, पण ती जर्दाळू म्हणाली. तिचा प्रत्येक शब्द मला ऐकू येत होता, आणि तो तिने किती शब्द टाळून निवडला आहे हेही. बाईंचा उजवा गाल झाला. खरोखर, त्या हाडावर उजेड पडल्यासारखा दिसला. बाई आरशाकडे झुकल्या आणि तो गाल वळवून वळवून पाहू लागल्या. साहेब खांबापासून थोडे पुढे आले. क्षणभर मला वाटले, जमले.

काउंटरच्या बरोबर वर गार हवेची जाळी होती. आम्ही घरी सगळ्याचा विचार केला होता, हवेचा केला नव्हता. न मिटणारा डोळा त्या झोतात चुरचुरू लागला आणि पाण्याने भरला. पहिला थेंब गालावरून उतरला आणि मी लावलेल्या रंगातून एक फिकट रेघ काढत गेला. मग दुसरा. ताईचा एक हात बाईंच्या हनुवटीखाली होता, दुसऱ्यात ब्रश. तिने खांद्याने गाल पुसला, रंग पसरला.

“रडतेस का गं?” बाई चपापून मागे सरकल्या. “माझं काही चुकलं का?”

“नाही काकू. डोळा झाकत नाही, तर गळत राहतो.”

साहेबांनी चिमणीला खूण केली. चिमणी काकुळतीने पुढे आली आणि तिने ब्रशसाठी हात पुढे केला. ताईने ब्रश दिला नाही. ती साहेबांकडे वळली; आजवर साहेब म्हणायची, त्या दिवशी तिने त्यांना सर म्हटले, आणि का ते त्या मजल्यावर फक्त मला ठाऊक होते.

“सर, एक गाल झालाय. दुसरा राहिलाय. तेवढा करून उठते.”

तिच्या आवाजात विनवणी नव्हती, तरी मला ते सहन झाले नाही. माझे पाय कसे निघाले ते सांगता येत नाही. चारचौघांत मी रस्ताही विचारत नाही. मी काउंटरला वळसा घालून आत गेलो, टिश्यूची घडी केली आणि ताईच्या डाव्या डोळ्याखाली धरून उभा राहिलो. सगळे माझ्याकडे पाहत होते. हे कोण, असे साहेबांनी विचारले. ताईने मान न वळवता सांगितले, “घरचा आहे,” आणि ब्रश पुन्हा रंगात टेकवला.

तिने घाई केली नाही. ब्रश झटकला. बाईंचे डावे हाड अंगठ्याने शोधले. रंग टेकवून वर नेला, मागे सरून पाहिले, पुन्हा अगदी किंचित टेकवला. माझ्या बोटांखाली कागद ओला होत होता आणि मी घडी उलटत होतो. तिचा श्वास मला ऐकू येत होता. बाई आता मागे सरत नव्हत्या. डोळे मिटून त्यांनी चेहरा तिच्या हाती दिला होता. शेवटी ताईने ब्रश खाली ठेवला आणि त्यांच्यासमोर आरसा धरला. त्यांनी तीच डबी घेतली, जाताना ताईच्या मनगटावर हात ठेवला.

साहेबांनी आम्हाला कर्मचाऱ्यांच्या दारापाशी गाठले. हात चांगला आहे तुझा, म्हणाले. त्यात खोटे नव्हते. पण इथे गिऱ्हाईक आधी तुझ्या तोंडाकडे बघतं, घाबरतं. सोमवारपासून खाली ये, बरं वाटलं की पाहू. त्यांनी माझ्याकडेही पाहून मान हलवली, सांत्वनाला आल्यासारखी, आणि आत गेले. दार आपोआप मिटले.

बाहेर रस्त्यावर लख्ख ऊन होते. ताई भिंतीला टेकून उभी राहिली. तिच्या एका गालावर लाली जशीच्या तशी होती, दुसऱ्यावर नुसता ओघळ. मी रुमाल पुढे केला. तिने घेतला, पण वापरला नाही.

“दोन्ही गाल सारखे होते ना?” तिने विचारले.

ती त्या बाईंबद्दल विचारत होती. मी जवळून पाहिले होते, मापाने पाहायची सवय असलेल्या डोळ्यांनी. “सारखे होते,” मी म्हणालो. “केसाचाही फरक नव्हता.”

“तरी?” ताई म्हणाली.

ती माझ्याकडे पाहत राहिली, एका कोरड्या आणि एका वाहत्या डोळ्याने, मी कधीतरी बोलेन अशी वाट पाहत.